पाण्याकाठी झपाट्याने उंच इमारती उभ्या राहत आहेत, त्या भागाचे फोटो कसे काढावेत?

तुम्ही लिहिलंय की पलीकडच्या काठावर एकाच वेळी बरेच टॉवर चढताहेत, जिकडे पाहावं तिकडे क्रेन आहेत, पण फोटो दरवेळी करडे आणि गोंधळलेले येतात. कुठून, कधी आणि कोणत्या लेन्सने काढावेत, हा तुमचा प्रश्न. लेन्सचं पुढे सांगतो. आधी जागेचं बोलू, कारण जागा पक्की झाली की बाकीचे बरेच निर्णय आपोआप होतात.

पुरी झालेली इमारत पुढची कित्येक वर्षं तिथेच राहणार आहे. तिचा फोटो आज राहिला तर पुढच्या हिवाळ्यात काढता येईल. अर्धवट इमारत मात्र काही आठवड्यांचीच असते. म्हणून माझा आग्रह असा की एक जागा धरा आणि पुन्हा पुन्हा तिथेच जा. सुटा फोटो कितीही देखणा असला तरी त्यातून ‘बांधकाम चालू आहे’ याच्यापलीकडे फारसं कळत नाही. त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, ठरावीक अंतराने काढलेले फोटो शेजारी ठेवले की काय चढलं, काय झाकलं गेलं आणि काय नाहीसं झालं ते डोळ्यांना दिसतं.

शांघायमध्ये हुआंगपू नदीच्या पूर्वेला जो उंच भाग दिसतो, तो असाच टप्प्याटप्प्याने आला. ओरिएंटल पर्ल टॉवर १९९४ मध्ये, ४२१ मीटरचा जिन माओ १९९९ मध्ये, शेजारचं ४९२ मीटरचं वर्ल्ड फायनान्शियल सेंटर २००८ मध्ये आणि ६३२ मीटरचा शांघाय टॉवर २०१५ मध्ये. आज समोरच्या पश्चिम काठावरच्या ‘बंड’ नावाच्या रस्त्यावरून काढलेल्या एका फोटोत हे चारही एकाच वयाचे वाटतात. त्यांच्यातला वीसेक वर्षांचा काळ ज्यांनी त्या काठावर येऊन मधले फोटो काढून ठेवले त्यांच्याकडेच दिसतो.

जागा शक्यतो पाण्याच्या पलीकडची घ्या. जमिनीवरची मोकळी जागा केव्हा पत्र्यांच्या कुंपणाआड जाईल सांगता येत नाही. मधलं पाणी बहुतेक वेळा मोकळं राहतं. बहुतेक वेळा म्हणायचं कारण, भराव घालून पाणीसुद्धा मागे हटवलं जातं. हाँगकाँगचं व्हिक्टोरिया बंदर भरावामुळे इतकं आकसत गेलं की १९९७ मध्ये त्याच्या रक्षणासाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यामुळे एक मुख्य जागा आणि तिला पर्याय म्हणून आणखी एक-दोन जागा हाताशी ठेवा. सार्वजनिक पूल, जुना धक्का, काठावरचा रस्ता अशी सगळ्यांना खुली असलेली जागा उत्तम. कुणाच्या गच्चीवरून सुंदर दिसतं, पण पुढच्या वर्षी तिथे जाऊ देतील याची खात्री नसते.

त्याच जागी परत नेमकं उभं कसं राहायचं? मोबाईलवरचं लोकेशन काही मीटर इकडेतिकडे होतं, ते पुरत नाही. फोटोतच खूण शोधा. जवळची एखादी वस्तू, म्हणजे कठड्याचा खांब किंवा बोट बांधायचा खुंटा, आणि लांबची एखादी वस्तू, म्हणजे चिमणी किंवा इमारतीची कड, या एका रेषेत येतात का ते पाहा. फ्रेमच्या डाव्या भागात अशी एक जोडी आणि उजव्या भागात एक जोडी मिळाली, की दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथेच तुमचा कॅमेरा असतो. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस फोटोग्राफर मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणांच्या फोटोंच्या जागा पुन्हा शोधल्या, त्या अशाच तऱ्हेने दूरच्या-जवळच्या गोष्टींचं नातं तपासून. तुमच्या बाबतीत अडचण एवढीच की लांबची खूण बांधकामात झाकली जाऊ शकते, म्हणून जोड्या दोनापेक्षा जास्त टिपून ठेवा. ट्रायपॉडची उंची आणि फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा मिमीतला आकडा, हेही लिहून ठेवा. झूम लेन्स असेल तर तिच्या दोन टोकांपैकी एक वापरा, म्हणजे पुढच्या वेळी अंदाजाने जुळवावं लागणार नाही.

आता लेन्स. उंच इमारत फ्रेममध्ये बसवायला कॅमेरा वर कलवला की उभ्या रेषा आतल्या बाजूला झुकतात आणि टॉवर मागे कलंडल्यासारखे दिसतात. कॅमेरा अगदी समपातळीत धरला की त्या सरळ राहतात, पण मग क्षितिज फ्रेमच्या मधोमध येतं आणि खालच्या अर्ध्या भागात पाणीच पाणी उरतं. मी हे पाणी राहू देतो, नको असेल तर नंतर कापतो. शिफ्ट लेन्सने, म्हणजे कॅमेरा न कलवता जी वर सरकवता येते अशा लेन्सने, हा प्रश्न मुळातच सुटतो, पण ती महाग असते आणि तिच्यावाचून अडत नाही.

हिशोब सोपा आहे. फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा उभा आणि समपातळीत धरला, ५० मिमी लेन्स लावली आणि इमारत ६०० मीटरवर असली, तर डोळ्यांच्या पातळीच्या वर साधारण २१६ मीटर उंची फ्रेममध्ये मावते. तोच कॅमेरा आडवा धरून तेवढंच मावायला हवं असेल तर ३५ मिमीच्या आसपास जावं लागतं. तुमच्याकडे लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर त्या प्रमाणात आणखी रुंद, म्हणजे कमी मिमीची, लेन्स लागेल.

इथे एक गोष्ट पहिल्याच दिवशी करायची असते: वर आकाश सोडायचं. आज वीस मजले दिसताहेत म्हणून त्यांच्याभोवती घट्ट फ्रेम बांधली, तर पुढच्या वर्षी टॉवर फ्रेमबाहेर गेलेला असतो. बहुतेक बांधकामांच्या कुंपणावर प्रकल्पाच्या माहितीचा फलक असतो, त्यावर किती मजले होणार ते वाचा आणि वर क्रेनपुरती जागा धरून तेवढं आकाश मोकळं ठेवा. पहिले काही फोटो रिकामे वाटतील, वाटू द्या.

करड्या फोटोंचं कारण बहुधा वेळ हेच आहे. भर दुपारी काँक्रीट, धूळ आणि दमट हवा एकमेकांत मिसळून जातात. शिवाय ऊन वर आलं की पाण्यावरच्या आणि तापलेल्या जमिनीवरच्या हवेच्या थरथरीमुळे लांबच्या कडा पुसट होतात, आणि लांब, म्हणजे जास्त मिमीच्या, लेन्सने हे जास्तच जाणवतं. समोरची बाजू पूर्वेला असेल, म्हणजे तुम्ही पश्चिम काठावर असाल, तर संध्याकाळचं ऊन इमारतींच्या अंगावर पडतं आणि सकाळी त्या सावलीत राहतात. उलट दिशा असेल तर उलट. पण मला समोरून पडणाऱ्या उन्हापेक्षा बाजूने येणारं तिरपं ऊन जास्त उपयोगाचं वाटतं. उघडे स्लॅब, त्यांच्या खालचे टेकू, सळयांचे जुडगे, सेंट्रिंगच्या फळ्या यांना त्याने खोली येते. सूर्य उगवायची जागा वर्षभर सरकत राहते, विषुववृत्तावरसुद्धा सुमारे ४७ अंशांनी, तिथून उत्तरेला किंवा दक्षिणेला जावं तसं आणखी. त्यामुळे आज जे ऊन नुसत्या कडेला लागतंय ते सहा महिन्यांनी सबंध दर्शनी भागावर येऊ शकतं. पाऊस पडून गेल्यावरची पहिली उघडीप कधीही सोडू नका, धूळ खाली बसलेली असते.

बांधकाम कसं चढतं हे थोडं समजून घेतलंत तर कधी जायचं हेही कळेल. अशा टॉवरमध्ये बहुधा लिफ्ट आणि जिन्यांचा काँक्रीटचा गाभा आधी वर जातो. त्याच्यामागे काही मजले खाली स्लॅब पडत येतात, त्यांच्याही खाली काचा बसत येतात, आणि बाहेरच्या अंगाला माणसं-सामान नेणारी लिफ्ट चिकटलेली असते. एका विशिष्ट काळात हे सगळे थर एकाच इमारतीवर एकदम दिसतात: वर नुसता गाभा, मध्ये उघडा सांगाडा, खाली चकचकीत काच. माझ्या मते टॉवरच्या आयुष्यातला हाच सर्वांत बोलका काळ, आणि तेव्हा नेहमीपेक्षा जास्त वेळा जावं. काच पूर्ण बसली की इमारत स्वतःचं अंग दाखवायचं थांबते आणि आकाश दाखवायला लागते.

काचेवरची चमक कमी करायला पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावून फिरवायचा एक फिल्टर, वापरला जातो. तो काच आणि पाणी दोन्हींवर पृष्ठभागाशी ठरावीक कोन असेल तेव्हाच नीट चालतो, सरसकट नाही. रुंद लेन्सवर तो आकाशात एका बाजूला गडद पट्टा आणतो. ठरावीक जागेच्या मालिकेसाठी मी तो लावत नाही, कारण दर वेळी तो किती फिरवला होता हे जुळत नाही.

क्रेनकडे वेगळं लक्ष द्या. काम चालू असताना प्रत्येक क्रेनचा हात वेगळ्या दिशेला असतो, आणि फ्रेम त्यामुळेच विस्कटलेली वाटते. काम बंद झालं की टॉवर क्रेन सहसा मोकळ्या सोडतात, म्हणजे हाताला वाऱ्याबरोबर फिरता येतं आणि जोराच्या वाऱ्याचा दाब मनोऱ्यावर कमी येतो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी चांगला वारा असला तर साऱ्या काठावरच्या क्रेन वातकुक्कुटासारख्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या दिसतात. त्या दिवशी तीच गिचमिड आखीव होते. दाटीच्या भागात मात्र हात वर-खाली होणाऱ्या क्रेन असतात, त्यांचे तिरपे हात निराळी रचना देतात. दोन्ही दिवसांचे फोटो घ्या, एक कामाचा आणि एक सुट्टीचा.

संध्याकाळी सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी येणारा निळा प्रकाश पुऱ्या झालेल्या शहरासाठी सगळे सांगतात. इथे त्याचं कारण आणखी ठोस आहे. अपुऱ्या इमारतीत घरांचे दिवे नसतात. पूर्ण अंधार झाला की ती आकाशात मिसळून जाते आणि फोटोत फक्त एक भोक उरतं. आकाशात थोडा उजेड असेतोवर सांगाड्याची आकृती दिसते आणि मजल्यांवरचे कामाचे दिवे, क्रेनवरचे लाल दिवेही उमटतात. ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आणि काही सेकंदांचं एक्स्पोजर इथून सुरुवात करा. एवढ्या वेळात फिरती क्रेन पुसट होते. तिचा हात स्पष्ट हवा असेल तर आयएसओ वाढवून शटर वेगवान करा.

दिवसाउजेडी गडद फिल्टर लावून पाणी दुधासारखं गुळगुळीत करायची पद्धत फार पसरली आहे. दहा स्टॉपचा, म्हणजे प्रकाश दहा वेळा निम्मा करणारा, फिल्टर १/१२५ सेकंदाचं एक्स्पोजर सुमारे ८ सेकंदांवर नेतो, आणि त्यात होड्या, बार्ज, पक्षी सगळं विरघळून जातं. अशा भागात मला हे पटत नाही. पाण्यावरची वर्दळ ही त्या जागेची निम्मी गोष्ट असते: वाळू-खडी आणणारे बार्ज, प्रवासी बोटी, जाळी टाकणारे. तेच पुसून टाकलं तर उरतात नुसते खांब. पाणी शांत हवंच असेल तर पहाटे जा, वारा पडलेला असतो. बहुतेक किनाऱ्यांवर भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. त्यामुळे तुमची वेळ आणि भरतीची वेळ महिन्यात मोजक्या दिवशीच जुळेल. भरतीला प्रतिबिंब आणि ओहोटीला चिखल, जुन्या भिंतींचे पाय, अडकलेल्या दोऱ्या दिसतात. खाऱ्या पाण्याजवळ असाल तर दर काही फोटोंनी लेन्सची काच तपासा, तुषारांचा बारीक थर डोळ्यांना दिसत नाही पण फोटोवरचं तेज घालवतो.

आणि नुसतं वर बघू नका. टॉवरच्या पायाशी जे आहे ते जास्त लवकर जाणार आहे: गोदामं, दुरुस्तीचे पत्र्याचे कारखाने, लहान बोटींचे धक्के, काठावर बसायची जागा. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढले जात होते, तेव्हा फोटोग्राफर शार्ल मारविल यांनी शहराच्या नेमणुकीवरून जाऊ घातलेल्या गल्ल्यांचे फोटो काढले. त्या गल्ल्या कशा होत्या हे आज मुख्यतः त्यांच्यामुळे कळतं. माझ्या फ्रेममध्ये म्हणूनच खालचा काठ नेहमी असतो, मग त्याने रचना थोडी बिघडली तरी चालेल.

कामगारांचे फोटो काढायचे असतील तर विचारून काढा, आणि झाल्यावर त्यांना पाठवा. फोटोग्राफर लुईस हाईन यांनी १९३०-३१ मध्ये न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीचं बांधकाम टिपलं ते पोलाद चढवणाऱ्या माणसांच्या बरोबरीने उंचावर जाऊन. आपल्याला आत जाण्याची परवानगी नसेल तर कुंपणाबाहेरही पाळी बदलताना, जेवणाच्या सुट्टीत बरंच काही मिळतं. विनापरवाना आत शिरू नका, वरून पडणारी सळई कुणाला ओळखत नाही. ड्रोनसाठी जिथे आहात तिथले नियम पाहा. परवानगी असली तरी चालू क्रेनपासून लांबच ठेवा, लोंबणारी तार ड्रोनवरून सहज दिसत नाही. सुरक्षारक्षकाने हटकलं तर तुम्ही सार्वजनिक रस्त्यावर आहात हे शांतपणे सांगा आणि आधीचे काही फोटो दाखवा. स्वतःच्या कामाची जागा महिन्यामहिन्याने बदलताना पाहून मला हटकणारे बहुतेक जण फोटो बघतच उभे राहिले आहेत.

किती वेळा जायचं? महिन्यातून एकदा पुरतं, वेगाने चढणाऱ्या टप्प्यात आठवड्याला एकदा. सलग चित्रफीत करायची असेल तर आधी आकडा बघा: रोज एक फोटो असा वर्षभर काढला तरी सेकंदाला २४ चौकटींनी जेमतेम पंधरा सेकंद होतात. त्यासाठी एका जागी बसवलेला कॅमेराच हवा. हाताने काढायच्या मालिकेत दोन फोटो शेजारी ठेवण्याची ताकद जास्त असते.

फाईल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात ठेवा, व्हाईट बॅलन्स (रंगांचा तोल) दर वेळी एकच ठेवा, आणि प्रत्येक फोटोखाली त्याच दिवशी तारीख, वेळ, उभं राहायची जागा, कॅमेऱ्याची दिशा आणि दिसणाऱ्या इमारतींची त्या वेळची नावं लिहा. विक्रीच्या वेळचं नाव आणि शेवटी पाटीवर लागणारं नाव पुष्कळदा वेगळं असतं, आणि काही वर्षांनी फोटो शोधणारा माणूस यांपैकी कोणतंही नाव घेऊन येऊ शकतो.