पोटदुखीच्या घोड्याला मोठ्या दवाखान्यात नेल्यावर मालकाने डॉक्टरांना काय सांगायचं, काय विचारायचं?

आधी सगळी माहिती वेळेसकट कागदावर लिहून न्या, आणि ऑपरेशनला होकार द्यायचा की नाही, खर्च कुठपर्यंत झेपेल हे गाडीत असतानाच ठरवून टाका, कारण तिथे ड्युटी बदलली की डॉक्टर बदलतात आणि तोंडी सांगितलेलं अर्धं हवेत जातं. मी तबेल्यातच काम करतो, घोडे घेऊन अशा फेऱ्या बऱ्याच झाल्यात. कागदावर एवढं हवंच:

- शेवटची लीद कधी टाकली, चंदी-पाणी कधी घेतलं
- नाडी किती (शांत उभ्या मोठ्या घोड्याची मिनिटाला साधारण 28 ते 44, साठच्या वर गेली तर प्रकरण गंभीर)
- घरी कुठलं इंजेक्शन, किती वाजता

शेवटचं अजिबात लपवू नका, फ्लुनिक्सिन (घोड्यांचं वेदनाशामक औषध) दिलेलं असेल तर दुखणं दबतं आणि घोडा बरा दिसतो, वर त्यांनी परत डोस दिला तर किडनीला त्रास. घोड्याला उलटी होत नाही म्हणून नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढतात, किती लिटर निघालं ते प्रत्येक वेळी विचारा, लाजू नका. लाथ मारतो, कानाला हात लावू देत नाही असलं काही असेल तर पाटी करून ठाणावर लावा, शिकाऊ पोरं तुमचे उपकार मानतील. फक्त एक, आतड्याला पीळ आहे आणि आत्ताच उघडावं लागेल असं सर्जन म्हणाले तर दुसऱ्याचं मत घेत बसू नका, तिथे तासांचा हिशोब असतो.