कळा कशा मोजायच्या, निघायचं केव्हा?

प्रश्न : पहिलंच बाळंतपण. माहेरी, धायरीला आले आहे. नाव सदाशिव पेठेतल्या एका हॉस्पिटलात घातलंय. आई म्हणते, पहिलटकरणीला वेळ लागतो, घाई नको. सासूबाईंचा फोनवर धोशा, जरा दुखलं की निघा. त्यात तारीख अनंत चतुर्दशीच्या आसपासची. नक्की केव्हा निघू?

उत्तर : आई म्हणतात त्याला कारण आहे. पहिल्या खेपेला गर्भपिशवीचं तोंड आधी पातळ होतं, मग उघडतं. पुढच्या खेपांना ही दोन्ही कामं बरोबरीनं चालतात. त्यामुळे ५ सेंटिमीटर उघडेपर्यंत २० तासही जाऊ शकतात. तिथून पूर्ण १० सेंटिमीटरपर्यंत बहुधा १२ तासांच्या आत. सुरुवातीचा हा रेंगाळणारा काळ घरी काढलेला बरा. खाता येतं, फिरता येतं, डुलकी काढता येते. फार लवकर भरती झालं की बाई कॉटवर आडवी होते, आणि ‘काही प्रगती नाही’ म्हणून कळा वाढवायचं सलाईन लागण्याची शक्यता वाढते.

कळ मोजताना एक चूक हमखास होते : एक संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचं अंतर धरलं जातं. मोजायचं ते एकीच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत. दर ५ मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ मिनिटभर टिकणारी, आणि असं सलग तासभर, की निघा. खोट्या कळा कोमट पाण्यानं अंघोळ केली, कूस बदलली की विरतात. खऱ्या कळा बऱ्याचदा कंबरेतून पुढे येतात आणि चालल्यानं थांबत नाहीत. त्या ऐन भरात असताना वाक्य पुरं बोलता येत नाही. चिकट, रक्ताची झाक असलेला स्राव दिसला तर ती नुसती वर्दी. त्यानंतर दिवस-दोन दिवसही जाऊ शकतात.

काही गोष्टी घडल्या तर मात्र घड्याळाकडे बघत बसायचं नाही. पाळीसारखं रक्त जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे काजवे चमकणं, ३७ आठवड्यांआधीच कळा येणं : लगेच निघा. पाणी गेलं तर स्वच्छ पॅड लावा, वेळ लिहून ठेवा, रंग बघा. रंगहीन असलं तरी हॉस्पिटलला तेव्हाच फोन करायचा, कारण जसे तास जातात तसा जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. हिरवट पाणी म्हणजे बाळानं पोटात शी केलेली. तिथे थांबायला वेळ नाही. बाळ पायाळू किंवा आडवं आहे, किंवा डोकं अजून खाली बसलेलं नाही, असं सांगितलं असेल तर पाण्याबरोबर नाळ खाली घसरू शकते. अशा वेळी आडवं होऊनच, १०८ ची रुग्णवाहिका बोलावून जा.

आता रस्ता. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी अडकायला होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. विसर्जनाच्या दिवशी तर लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर हे रस्ते मिरवणुकीचे, आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. पेठेत कुठल्या बाजूनं गाडी शिरते ते हॉस्पिटलला आधीच विचारा. शिवाय धायरीच्या बाजूच्या एखाद्या प्रसूतिगृहात फाईल दाखवून ठेवा. त्या दोन दिवसांपुरता हाच शहाणपणा.

प्रश्न : वेदनारहित प्रसूतीच्या इंजेक्शननं कंबर कायमची धरते, सिझेरियनही होतं, असं शेजारच्या वहिनी म्हणतात. खरं का?

उत्तर : दोन्ही नाही. या इंजेक्शनमुळे, म्हणजे एपिड्यूरलमुळे, सिझेरियनचं प्रमाण वाढत नाही, कायमची कंबरदुखीही जडत नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती बहुतेकींची, इंजेक्शन घेतलेलं असो वा नसो. पाठीत खालच्या बाजूला जागा बधिर करून सुईवाटे बारीक नळी सरकवतात, सुई काढून घेतात. औषध नळीतून मिळत राहतं. नळी घालताना पुढे वाकून, पाठीला पोक काढून अगदी स्थिर बसावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच कळ येते. तसं सांगा, डॉक्टर थांबतात. १५-२० मिनिटांत आराम पडतो.

तोटे आहेतच. रक्तदाब उतरू शकतो, म्हणून सुरुवातीला तो वारंवार मोजतात. पाय जड होतात, लघवीची जाणीव कमी होते, जोर देण्याचा टप्पा लांबतो. शंभरात साधारण एकीला नंतर उठून बसलं की डोकं दुखतं. त्यावर उपाय आहे. प्लेटलेट फार कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर बहुधा नकारच मिळतो, म्हणून रक्ताचा ताजा रिपोर्ट फाईलमध्ये ठेवा. छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. रात्री दोनला बोलावलं तर किती वेळात पोचतील, हे नाव घालतानाच विचारायचं.

प्रश्न : नववा लागला की तूप पिऊन वाट मोकळी होते का? आणि एरंडेल?

उत्तर : तूप जातं पोटात, गर्भपिशवीच्या वाटेला नाही. वरण-भातावर घ्या तेवढं पुरे. एरंडेल मात्र घरच्या घरी नकोच : आतडी ढवळतात, जुलाब-उलट्या होतात, आणि खऱ्या कळा येतात तेव्हा अंगात पाणी नसतं.