मुलांच्या हातचे दडपे पोहे

प्रश्न : आमच्या सोसायटीत मे महिन्यात आठ ते दहा वर्षांच्या मुलांसाठी स्वयंपाकाचा वर्ग घ्यायचा आहे. गॅस पेटवायचा नाही. सँडविच आणि भेळ सोडून मुलं स्वतः करतील असं काय ठेवू?
– एक आई, कोथरूड

उत्तर : दडपे पोहे ठेवा. माझ्या वर्गात मुलं यातच सगळ्यात जास्त रमतात, कारण पदार्थ डोळ्यांदेखत बदलतो. दोघांत मिळून २ वाट्या पातळ पोहे, १ वाटी किसलेली काकडी, अर्धी वाटी ओलं खोबरं, अर्धं लिंबू, अर्धा चमचा मीठ, १ चमचा साखर.

मीठ आधी काकडीला लावून पाच मिनिटं थांबायला सांगा. सुटलेलं पाणी बघून मुलं हरखतात. ते ओतून देऊ नका, त्यावरच पोहे भिजणार आहेत. मग सगळं हातानं कालवायचं, पातेल्यात दाबून वर ताटली आणि ताटलीवर पाण्यानं भरलेला तांब्या. पंधरा-वीस मिनिटांत पोहे मऊ होतात. जाडे पोहे मात्र आणू नका, ते चिवट राहतात. फोडणी मी मुलांच्या वर्गात गाळते आणि वरून मेतकूट व भाजलेला पोह्याचा पापड चुरायला देते. पापड चुरायला तर भांडणं होतात!

किसणीची भीती वाटत असेल तर एकच नियम करा : काकडीचा शेवटचा तुकडा किसायचा नाही, खाऊन टाकायचा. बोटं वाचतात आणि नियम मोडावासा कुणालाच वाटत नाही.

कृती लिहिताना ‘चवीनुसार मीठ’ लिहू नका. मुलाला त्यातून काहीच कळत नाही. ‘इतकं घाल, चाखून बघ, कमी वाटलं तर आणखी चिमूटभर’ असं लिहा. कागद तयार झाला की तो आधी एका मुलाच्या हातात द्या आणि आपण गप्प बसा. ते जिथे ‘आता काय?’ विचारेल, तिथे तुमची कृती अपुरी आहे. पुढे होऊन करून देऊ नका, ती ओळ नव्यानं लिहा.

बाकी दिवसांसाठी केळ्याचं शिकरण आणि दाण्याचे लाडू आहेतच. कूट चांगलं मळलं की दाण्याला तेल सुटतं आणि लाडू आपसूक वळतो. फक्त कुणाला दाण्याची अॅलर्जी आहे का, हे पालकांना आधी विचारून ठेवा.