वाचकांचे प्रश्न : मानवी हक्कांशी व्यवसायाचा संबंध काय?

प्रश्न : मी एका मध्यम आकाराच्या उत्पादन कंपनीत व्यवस्थापक आहे. एका परदेशी ग्राहकाने करारासोबत मानवी हक्कांविषयीची लांबलचक प्रश्नावली पाठवली आहे. आम्ही कायदा पाळतो, कर भरतो आणि पगार वेळेवर देतो. मानवी हक्क जपणे हे सरकारचे काम आहे आणि कंपनीने नफा मिळवावा, असे मला वाटते. यात माझे काय चुकते?

उत्तर : आपले म्हणणे निम्मे बरोबर आहे. नागरिकांच्या हक्कांचे संरक्षण करणे ही सरकारचीच जबाबदारी आहे आणि ती कंपन्यांवर ढकलून सरकारला मोकळे होता येत नाही. मात्र संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची प्रस्तावना सरकारपाशी थांबत नाही. प्रत्येक व्यक्तीने आणि समाजाच्या प्रत्येक घटकाने या हक्कांची जपणूक करावी, असे ती म्हणते. हजारो माणसांचा दिवस ज्या संस्थेच्या वेळापत्रकावर चालतो, ती संस्था समाजाचा घटक नाही असे म्हणणे कठीण आहे.

तरीही कंपनीवर नेमके किती ओझे टाकायचे, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. कंपन्यांवर जवळजवळ सरकारांसारखीच बंधने घालणारा एक मसुदा संयुक्त राष्ट्रांच्या एका उपसमितीने २००३ मध्ये तयार केला. उद्योगजगताने आणि अनेक सरकारांनी त्याला विरोध केला आणि तो तिथेच राहिला. पुढे २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी जॉन रगी या अभ्यासकाकडे हा प्रश्न सोपवला. त्यांनी मांडलेली ३१ मार्गदर्शक तत्त्वे जून २०११ मध्ये मानवी हक्क परिषदेने एकमताने संमत केली. त्यांची मांडणी अशी, की हक्कांचे संरक्षण सरकारने करावे, व्यवसायांनी हक्कांचा आदर करावा आणि ज्याचे नुकसान झाले त्याला दाद मागण्याचा मार्ग दोघांनीही खुला ठेवावा.

‘आदर’ या शब्दामुळे मराठीत थोडी गल्लत होते, कारण आदर म्हटला की आपल्याला सत्कार आठवतो. इथे त्याचा अर्थ अगदी रोखठोक आहे : आपल्या कामामुळे कोणाच्या हक्काला बाधा येऊ देऊ नये आणि आलीच तर ती निस्तरावी. शाळेला देणगी दिली म्हणून कारखान्यातल्या सक्तीच्या ओव्हरटाइमची फेड होत नाही. शिवाय ही जबाबदारी सरकार आपले काम करते की नाही यावर अवलंबून नाही. ‘आम्ही कायदा पाळतो’ हे उत्तर अपुरे पडते ते याच ठिकाणी, कारण कायदा दुबळा असेल किंवा त्याची अंमलबजावणीच होत नसेल, तरी माणसाचा हक्क तेवढाच राहतो.

बांगलादेशातील ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा या इमारतीचे उदाहरण पाहू. २३ एप्रिल २०१३ रोजी तिला तडे गेल्याचे दिसले. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली, पण वरच्या मजल्यांवरच्या कपड्यांच्या कारखान्यांतील कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. सकाळी इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. इमारत एकच होती आणि तडेही तेच होते; मग बँकेचे कर्मचारी घरी राहू शकले आणि शिलाई करणारे राहू शकले नाहीत, असे का? त्यांच्या मागे संघटना नव्हती, गैरहजर राहिले तर पगार जाण्याची भीती होती आणि मालकांच्या डोक्यावर माल पाठवण्याची तारीख होती. ती तारीख दूरच्या देशातील खरेदीदाराने ठरवलेली होती.

यातल्या काही कारखान्यांची ‘सामाजिक तपासणी’, म्हणजे कामगारांना कसे वागवले जाते याची पाहणी, झालेली होती, पण इमारत उभी राहील की नाही हे त्या तपासणीत येत नव्हते. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतील एका कपडा कारखान्याला लागलेल्या आगीत अडीचशेहून अधिक कामगार मरण पावले, त्या कारखान्यालाही काही आठवडे आधीच चांगल्या व्यवस्थेचे प्रमाणपत्र मिळालेले होते. राणा प्लाझानंतर बांगलादेशात जो सुरक्षा करार झाला तो वेगळा ठरला, कारण तो खरेदीदार कंपन्यांवर कायदेशीररीत्या बंधनकारक होता, त्यावर कामगार संघटनांच्या सह्या होत्या आणि तपासणीचे अहवाल सर्वांसाठी खुले होते.

नफ्याच्या मुद्द्यासाठी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा हवाला नेहमी दिला जातो. व्यवसायाची सामाजिक जबाबदारी म्हणजे नफा वाढवणे, असे त्यांनी १९७० मध्ये लिहिले हे खरे. पण समाजाचे मूलभूत नियम पाळून, कायद्यातले आणि नैतिक रूढीतलेही, अशी अट त्यांनी त्याच लेखात घातली होती. ती अट सांगायला लोक सहसा विसरतात.

प्रश्न : हक्क जपल्याने कंपनीचा खरोखर फायदा होतो का? संचालक मंडळाला आकड्यांतच समजावून सांगावे लागते.

उत्तर : पुष्कळदा होतो, निदान मोठे नुकसान टळते. मलेशियातील एका मोठ्या हातमोजे कंपनीच्या मालाला २०२० मध्ये, महासाथीत मागणी शिगेला असताना, अमेरिकेने सक्तीच्या श्रमाच्या संशयावरून बंदी घातली. स्थलांतरित कामगारांनी नोकरीसाठी दलालांना भरलेली रक्कम कंपनीने परत केल्यावर २०२१ मध्ये ती उठली. झांबियातील गावकऱ्यांनी खाणीने पाणी दूषित केल्याबद्दल केलेला दावा थेट ब्रिटनमधील मूळ कंपनीविरुद्ध चालवता येईल, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. पापुआ न्यू गिनीतील बोगनव्हिल बेटावरची पांगुना ही तांब्याची प्रचंड खाण, नदीत टाकलेला गाळ आणि उत्पन्नातला तुटपुंजा वाटा यांवरून पेटलेल्या संघर्षात १९८९ मध्ये बंद पडली. आता कायदेही येऊ लागले आहेत : मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडेही हक्कांना बाधा येत नाही ना हे पाहावे, असा कायदा फ्रान्सने २०१७ मध्ये केला आणि जर्मनीचा तसाच कायदा २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये याच धर्तीचा, सदस्य देशांना लागू होणारा निर्देश संमत केला, जरी पुढच्याच वर्षी तो सौम्य करण्याच्या हालचाली सुरू झाल्या.

एवढे सांगूनही माझे मत वेगळे आहे. हक्क तुडवणे अनेकदा फायद्याचेच असते आणि बहुतेक कंपन्या कधी पकडल्याही जात नाहीत. तसे नसते तर हा प्रश्न बाजारानेच केव्हाच सोडवला असता. म्हणून संचालकांपुढे आकडे जरूर मांडावेत, पण सगळा युक्तिवाद त्यांच्यावर उभा करू नये. कारण हिशेब उलटा निघाला त्या दिवशी हक्कही वहीतून पुसले जातील. जोखीम मोजताना आधी ‘कोणाला इजा होईल आणि किती’ हे विचारावे. ‘कंपनीचे काय जाईल’ हा त्यानंतरचा प्रश्न आहे. दोन्ही याद्या करून पाहिल्या तर त्या क्वचितच जुळतात.

प्रश्न : आमची कंपनी लहान आहे आणि वेगळा विभाग उघडणे परवडणारे नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : स्वतःच्या खरेदी विभागातून करावी. ऑर्डर दिल्यावर शेवटच्या आठवड्यात नमुना बदलायचा, तारीख मात्र तीच ठेवायची आणि दर आणखी खाली ओढायचा, असे चालले असेल तर पुरवठादाराकडच्या रात्रपाळ्या आपणच लावत असतो. मग त्याला आचारसंहिता पाठवण्यात फारसा अर्थ उरत नाही. दुसरी गोष्ट कंत्राटी कामगारांची. नोकरी मिळवण्यासाठी त्यांनी कोणाला पैसे दिले का, त्यासाठी कर्ज काढले का आणि त्यांची ओळखपत्रे कोणाच्या ताब्यात आहेत, हे त्यांच्याकडूनच आणि मुकादम समोर नसताना समजून घ्यावे. कर्जात अडकलेला माणूस दार उघडे असूनही काम सोडून जाऊ शकत नाही.

प्रश्न : पुरवठादाराकडे बालकामगार आढळले तर लगेच करार तोडावा का?

उत्तर : संताप योग्य आहे, पण घाई घातक ठरू शकते. बालकामगारांनी बनवलेल्या मालावर बंदी घालणारे विधेयक अमेरिकेत मांडले गेले तेव्हा, १९९३ च्या सुमारास, बांगलादेशातील कपडा कारखान्यांनी धास्तीने हजारो मुलांना एकदम काढून टाकले आणि त्यांतली काही मुले खडी फोडण्यासारख्या अधिक धोक्याच्या कामांत गेली. १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांनी करार करून मुलांना शाळा व विद्यावेतन देण्याची व्यवस्था केली. करार तोडण्याचा मार्ग हातात असावा, परंतु मुलाच्या पुढच्या दिवसाची सोय झाल्याशिवाय तो वापरू नये.

प्रश्न : प्रश्नावलीत ‘गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या’ असे विचारले आहे. खरा आकडा लिहिला तर ऑर्डर जाईल, अशी सहकाऱ्यांना भीती वाटते.

उत्तर : खरा आकडा लिहावा आणि त्यासोबत प्रत्येक तक्रारीचे पुढे काय केले तेही लिहावे. शेकडो माणसे काम करतात आणि वर्षभरात एकही तक्रार नाही, असे वाचले की जाणत्या खरेदीदाराला वाटते, तक्रारपेटीला कुलूप तरी लागले असावे किंवा ती साहेबांच्या केबिनमध्ये तरी ठेवलेली असावी.