वाचकांचे प्रश्न : पकडल्या गेलेल्या हेराच्या घराला कोण विचारते?

प्रश्न : आमच्या गावात घरटी एक तरी माणूस फौजेत आहे. युद्धात पकडला गेलेला जवान परत येईपर्यंत त्याच्या घरी पगार येत राहतो, हे आम्हाला ठाऊक आहे. मात्र हेर म्हणून पकडल्या गेलेल्या माणसाला आणि त्याच्या बायकामुलांना कोण विचारते? अलीकडे बाणूरगडावर बहिर्जी नाईकांच्या समाधीपाशी उभा असताना हा प्रश्न मनात आला.
– एक वाचक, ता. सातारा

उत्तर : कायद्याच्या लेखी जवान आणि हेर यांच्यातला पहिला फरक गणवेशाचा आहे. गणवेशातला सैनिक शत्रूच्या हाती लागला, तर तो युद्धकैदी ठरतो; १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार त्याला घरी पत्र लिहू द्यावे लागते आणि लढाई संपल्यावर परत पाठवावे लागते. वेषांतर करून माहिती काढणाऱ्याला हे संरक्षण नसते. १९०७ च्या हेग नियमावलीने त्याच्यापुरते एवढेच सांगितले, की खटला चालवल्याशिवाय त्याला शिक्षा देऊ नये. याच नियमावलीत एक मजेशीर कलम आहे. हेरगिरी करून आपल्या सैन्यात सुखरूप परतलेला हेर पुढे कधी पकडला गेला, तर जुन्या कामगिरीबद्दल त्याला जाब विचारता येत नाही. अर्थात हे सारे युद्धकाळापुरते. शांततेच्या काळात सापडलेला हेर त्या देशाच्या कायद्याने आरोपी असतो, आणि त्याचे स्वतःचे सरकार ‘हा आमचा नव्हे’ म्हणून हात वर करते.

सरकारने असे हात वर करण्यात मला फारसे नवल वाटत नाही, कारण कबुली देणे म्हणजे परक्या मुलखात चोरून माणूस घुसवल्याची कबुली देणे होय. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. जगासमोर नाकारलेल्या माणसाचे नाव कचेरीतल्या पगारपत्रकावर राहते, की तिथूनही खोडले जाते?

या बाबतीत अमेरिकेचे एक प्रकरण पाहण्यासारखे आहे. जॉन डाउनी आणि रिचर्ड फेक्टो हे सीआयएचे दोन तरुण अधिकारी नोव्हेंबर १९५२ मध्ये चीनच्या हाती लागले. डाउनीला जन्मठेप आणि फेक्टोला २० वर्षे कैद झाली. हे दोघे लष्कराचे मुलकी नोकर होते आणि त्यांचे विमान कोरियाहून जपानला जाताना हरवले, असे अमेरिका जाहीरपणे वर्षानुवर्षे सांगत राहिली. पण सीआयएच्या दप्तरात दोघेही नोकरीवरच होते. त्यांचा पगार जमा होत होता, त्यांना बढत्या मिळत होत्या, साठलेली रक्कम गुंतवली जात होती. १९५८ मध्ये त्यांच्या आयांना चीनमध्ये जाऊन मुलांना भेटताही आले. फेक्टो डिसेंबर १९७१ मध्ये सुटला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डाउनीचा सीआयएशी असलेला संबंध १९७३ च्या जानेवारीत मान्य केला आणि मार्चमध्ये तो घरी आला. पुढे तो न्यायाधीशही झाला. म्हणजे बाहेर नकार आणि आत पगार, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालवता येतात.

आपल्याकडे मात्र अशी माणसे बहुधा कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना दिसतात. राजस्थानातील टपाल खात्याच्या एका कर्मचाऱ्याचे म्हणणे असे होते, की गुप्तचर विभागाने आपल्याला कामगिरीवर पाकिस्तानात पाठवले आणि तिसऱ्या खेपेस, डिसेंबर १९७६ मध्ये, आपण पकडले गेलो. तो तिकडे १४ वर्षांची शिक्षा भोगत असताना इकडे १९८० मध्ये टपाल खात्याने त्याला विनापरवाना गैरहजर राहिल्याबद्दल बडतर्फ केले! परत आल्यावर दाद मागितली, तर मुदत टळून गेली होती. सरकारने त्याच्याशी असलेला संबंध अखेरपर्यंत नाकारला. सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला १० लाख रुपये सानुग्रह देण्याचा आदेश दिला. तो हेर होता की नव्हता, याबद्दल मात्र निर्णय दिला नाही. तेव्हा त्या गृहस्थाने पंच्याहत्तरी गाठली होती.

याउलट, पाकिस्तानने ज्याला हेर ठरवले होते आणि इकडे मात्र वाट चुकून सीमेपलीकडे गेला असे ज्याच्याबद्दल सांगितले जात होते, त्या सरबजित सिंग याचा मे २०१३ मध्ये लाहोरच्या तुरुंगातील मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा पंजाब सरकारने शासकीय इतमामात अंत्यसंस्कार केले आणि कुटुंबाला एक कोटी रुपये जाहीर केले. जिवंत परतलेल्यांना असे काही मिळाल्याचे क्वचितच ऐकू येते.

आपल्या भागाशी जोडलेले नाव कुलभूषण जाधव यांचे. त्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील आनेवाडी. ते हेर नसून नौदलातून निवृत्त झालेले व्यावसायिक आहेत आणि त्यांना इराणमधून पळवून नेण्यात आले, ही भारताची भूमिका आहे. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने त्यांना एप्रिल २०१७ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्तानला दोषी धरले. वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटण्याचा १९६३ च्या व्हिएन्ना करारातील हक्क हेरगिरीचा आरोप असलेल्या माणसालाही असतो, हा त्या निकालाचा गाभा आहे, आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने तोच सर्वांत उपयोगाचा आहे. हा हक्क मिळवण्यासाठी माणूस हेर होता की नव्हता, हे आधी ठरावे लागत नाही.

कुटुंबाच्या वाट्याला काय येते, ते २५ डिसेंबर २०१७ रोजी इस्लामाबादेत दिसले. जाधव यांच्या आई आणि पत्नी भेटीला गेल्या, तेव्हा मध्ये काच होती आणि बोलणे यंत्रावरून करायचे होते. भारताच्या परराष्ट्र खात्याने दुसऱ्याच दिवशी काढलेल्या निवेदनानुसार, आत सोडण्यापूर्वी त्यांना मंगळसूत्र, बांगड्या आणि टिकली काढायला लावण्यात आली. आई मुलाशी मराठीत बोलू लागताच त्यांना पुन्हा पुन्हा अडवण्यात आले आणि शेवटी मराठी बोलूच दिले नाही. पत्नीने बाहेर काढून ठेवलेली पादत्राणे मागूनही परत मिळाली नाहीत. त्यात काही धातूची वस्तू असल्याचा संशय आहे, असे पाकिस्तानचे उत्तर होते.