अल्काँ वाजवायचाय, पण सुरुवात कुठून करू?

पियानोवर शोपँचे नॉक्टर्न (शांत, गाण्यासारख्या छोट्या रचना) तुम्हाला जमतात, एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच संगीतकार अल्काँ याच्या रचनांची पानं पाहून मात्र धडकी भरते, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही बहुतेक त्याचं ओपस 39 (ओपस म्हणजे प्रकाशित रचनेचा किंवा संचाचा क्रमांक) उघडलं असणार. 1857 साली छापलेल्या या बारा एट्यूडमधले (तंत्राचा कस लावणाऱ्या रचनांमधले) आठवा, नववा आणि दहावा मिळून एकल पियानोसाठीचा कन्चेर्टो, म्हणजे तीन भागांची मोठी रचना, होतो. त्याचा पहिला भागच 1341 मापांचा (माप म्हणजे तालाचं एक आवर्तन), साधारण अर्ध्या तासाचा आहे. तो सध्या फक्त ऐका.

चार्ल्स-व्हॅलेंटिन अल्काँ (1813–1888) पॅरिसचा, शोपँचा मित्र आणि शेजारी. 1848 मध्ये कॉन्झर्व्हेटॉर या पॅरिसच्या संगीत विद्यालयातलं प्राध्यापकपद हुकलं आणि पुढे जवळजवळ दोन दशकं तो मंचापासून दूर राहिला. रचना छापल्या जात होत्या, पण वाजवून दाखवणारं कुणी नव्हतं. मग 'अशक्य अवघड' एवढीच ओळख उरली, आणि ती अपुरी आहे. मुंबईच्या पारशी वडिलांचा मुलगा असलेला इंग्लंडमधला संगीतकार सोराबजी 1932 मध्येच अल्काँची बाजू मांडत होता. खरं पुनरुज्जीवन मात्र 1960 च्या दशकात रेमंड लेवेंथल आणि रोनाल्ड स्मिथ या पियानोवादकांच्या वादनाने झालं.

सुरुवात ओपस 63 च्या 'एस्किस' (रेखाटनं) या छोट्या तुकड्यांच्या संचातल्या पहिल्या तुकड्याने करा: 'ला व्हिजन', सी मेजर. नॉक्टर्न येणाऱ्याला तो जड जाणार नाही.

मग ओपस 31 चा आठवा प्रिल्यूड (छोटी स्वतंत्र रचना) घ्या, 'समुद्रकाठच्या वेडीचं गाणं'. ए फ्लॅट मायनर, म्हणजे सात फ्लॅट (स्वर अर्ध्याने उतरवणाऱ्या खुणा). पण बोटांखालच्या कळा जी शार्प मायनरच्याच, त्यामुळे घाबरू नका. डाव्या हाताला अगदी खर्जात एकमेकांना चिकटलेले स्वर, उजव्याला उंचावर एकाकी धून, आणि मधली जागा रिकामी. ही रिकामी जागाच या रचनेचा जीव आहे. बिघडतं ते पेडलमुळे. खर्जातल्या जवळच्या स्वरांचे उपस्वर एकमेकांवर आदळतात, आणि पाय पूर्ण दाबून ठेवला तर नुसता गोंगाट उरतो. आधी डावा हात एकटा, पेडलशिवाय, अगदी हलका बसवा. नंतर अर्धं पेडल द्या आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलला की पाय उचला. मध्ये लय वाढत जाते तिथे आवाज आधी वाढवलात, तर शिखराला काही शिल्लक राहत नाही. 61 कळांच्या कीबोर्डवर हा प्रयत्न करू नका, खालचे स्वर तिथे नसतातच.

त्यानंतर ओपस 65 मधला जी मायनर बार्कारोल, म्हणजे नावाड्याच्या गाण्याच्या झुलत्या चालीची रचना. इथे शोपँसारखी लय ताणायचा मोह होईल, पण डाव्या हाताचं झुलणं मेट्रोनोमइतकं सरळ ठेवा. धून त्यावरच उठून दिसते.

ओपस 39 कडे वळाल तेव्हा बाराव्या एट्यूडपासून, 'इसापची मेजवानी'पासून, सुरू करा. आठ मापांची धून आणि तिची 25 रूपं. एकेक रूप सुटं बसवता येतं. जुन्या आवृत्त्या इंटरनेटवर मोफत मिळतात.