प्रत्येकाने एकेक विषाणू व्हायचं आणि माणसाचं शरीर काबीज करायचं असा बोर्ड गेम दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी विकत घ्यावा की घरी बनवावा? आणि विषाणू खरंच एकमेकांशी लढतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं त्यावर अवलंबून आहे.

लढतात, पण समोरासमोर नाही. एका विषाणूने दुसऱ्याला धरून आपटलं असं काही होत नाही. जागा अडवायची, शेजाऱ्यापाजाऱ्यांना जागं करायचं, दुसऱ्याच्या जिवावर हिंडायचं, असे प्रकार चालतात. चाळीतली भांडणं असतात तशीच. आणि ही तऱ्हा खेळाच्या नियमांत उतरली तरच खेळायला मजा येते. नाहीतर तो रंगीत सोंगट्यांचा ल्यूडोच.

मी परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, राहायला लालबागला. गेल्या मे महिन्यात भाची सुट्टीला आली होती आणि गॅलरीत कॅरमवरून रोज मारामाऱ्या. म्हणून असा खेळ घरीच बनवायचा उद्योग काढला.

विकत घ्यायचाच असेल तर दोन नावं. मॅट लीकॉकचा २००८ सालचा 'पँडेमिक' बहुतेकांनी ऐकलेला असतो, पण त्यात सगळे खेळाडू एका बाजूला आणि रोग दुसऱ्या बाजूला, शिवाय पट जगाच्या नकाशाचा. तुम्ही म्हणताय त्याच्या जवळचा म्हणजे २०१७ चा 'व्हायरल', पोर्तुगालच्या मेसा बोर्डगेम्सचा. पटावर शरीर, प्रत्येकजण विषाणू, अवयवांवर कब्जा करायचा, दुसऱ्यांना हुसकायचं, आणि संशोधकांनी तुमच्यावर औषध शोधून काढलं की तुमची पंचाईत. मित्राकडे दोनदा खेळलो. मोठ्यांसाठी झकास आहे. आमच्या पोरांना मात्र ओळखीचे रोग हवे होते: सर्दी, फ्लू, कावीळ, कांजिण्या, ज्यांनी शाळा बुडते असे.

पट फ्लेक्सवर छापून घेतला. आमच्याकडे वाढदिवसाच्या शुभेच्छांचे बॅनर छापणारी दुकानं पावलोपावली आहेत. दोन बाय तीन फूट, दीडशे रुपये. दुकानात फाइल कशी कोण जाणे उलटी फिरली, आणि यकृत पेशंटच्या डाव्या बाजूला, हृदयाचं टोक उजवीकडे असा माणूस छापून आला. नावं मी नंतर मार्करने लिहिणार होतो, म्हणून चूक चटकन दिसलीच नाही. घरी पट पसरल्यावर भाचीने पोटावर बोट ठेवून विचारलं, "मामा, लिव्हर इकडे असतं?" पुन्हा छापायला मी गेलो नाही. अशी माणसं खरोखर असतात, साधारण दहा हजारांत एक, सगळे अवयव आरशात पाहिल्यासारखे, आणि बहुतेकांना त्याचा काही त्रासही नसतो. आमच्या पेशंटचं नाव 'उलटे काका' पडलं ते पडलंच.

सोंगट्या म्हणून भुलेश्वरहून आणलेली शर्टाची बटणं, सहा रंगांची. प्रत्येक अवयवात सात-आठ घरं. पटाच्या कडेला थर्मामीटर काढला, ९८ पासून १०६ पर्यंत. कुठल्याही विषाणूने एका फेरीत तीनपेक्षा जास्त बटणं वाढवली की पारा एक घर वर.

आता खरी गोष्ट. माझा पहिला नियम होता: ज्याच्याकडे जास्त घरं तो जिंकला. पहिल्याच संध्याकाळी फ्लू घेतलेल्या पोराने फुफ्फुसं पेटवून दिली, सहाव्या फेरीत पारा १०६ ला टेकला, उलटे काका गेले, आणि हा उभा राहून नाचायला लागला. बाकीच्यांनी "रडीचा डाव!" म्हणून पट उधळला. त्या गोंधळात भाचीने विचारलं, "पण काका मेल्यावर ह्याचे व्हायरस जाणार कुठे?"

कुठेच नाही. त्याच रात्री नियम बदलला. गुण अवयवाला नाहीत, दाराला. पटाला सहा दारं काढली: शिंक, खोकला, त्वचा, संडास, रक्त आणि डास. बटण वाढवत वाढवत दारापाशी आणायचं आणि बाहेर काढायचं. बाहेर पडलेल्या प्रत्येक बटणाला एक गुण. पेशंट गेला तर आत राहिलेली बटणं शून्य. एवढ्या एका बदलाने खेळ पालटला. ज्याला त्याला काका जिवंत हवेत, पण दुसऱ्याच्या खर्चाने. पारा १०४ वर गेला की सगळे एकमेकांना म्हणायला लागले, "आता तू जरा गप्प बस ना!"

निसर्गात याचं नोंदवलेलं उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियात सशांचा सुळसुळाट थांबवायला १९५० साली मिक्सोमा नावाचा विषाणू सोडला. सुरुवातीला लागण झालेल्या शंभरातले नव्व्याण्णवच्या वर ससे मरायचे. काही वर्षांतच त्याचे जरा मवाळ प्रकार जास्त पसरलेले दिसले, कारण ससा जितके दिवस जगेल तितके दिवस डास त्याला चावून विषाणू पुढे नेणार. पण म्हणून 'विषाणू हळूहळू मवाळच होतात' असं मुलांना सांगू नका. रेबीजची लक्षणं दिसायला लागलेला माणूस आजही जवळपास नक्की दगावतो. त्याचं दार कुत्र्याच्या दातांत आहे. आपण जगलो काय नि मेलो काय, त्याचं काही अडत नाही.

बाकी नियमांना नावं पोरांनीच दिली. पहिला 'रुमाल'. फ्लूचा विषाणू पेशीच्या अंगावरच्या एका साखरेसारख्या रेणूला धरून आत शिरतो. आपली नवी पिल्लं बाहेर काढताना तो तेच रेणू छाटून टाकतो, म्हणजे मागून येणाऱ्या दुसऱ्या फ्लूला धरायला काही उरत नाही. मी हे जेमतेम सांगून होतंय तोवर एकजण म्हणाला, "म्हणजे ट्रेनमध्ये सीटवर रुमाल टाकतात तसं." झालं. तेव्हापासून घर पकडलं की बटण आडवं ठेवायचं आणि ओरडायचं, "रुमाल!"

दुसरा 'बोंब'. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या दोघांनी उष्णतेने मारलेला फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर घातला. नंतर त्या पडद्यावर जिवंत विषाणू वाढेना. एवढंच नाही, त्या पडद्यातून पाझरलेलं पाणी ताज्या पडद्यावर घातलं तर तोही सुरक्षित. त्या पाझरलेल्या पदार्थाला त्यांनी इंटरफेरॉन नाव दिलं. लागण झालेली पेशी स्वतः बुडता बुडता बोंब मारते आणि शेजारच्या पेशी कड्या लावून घेतात. गंमत अशी की कड्या सगळ्यांसाठीच लागतात, मग दाराशी कुठला का विषाणू येईना. खेळात एका घरात बटण पडलं की पुढच्या फेरीत लगतच्या घरांत कोणालाच शिरता येत नाही.

या बोंबेमुळे सर्दीवाल्याचं नशीब उघडलं. सर्दीचा रायनोव्हायरस कोणाला नकोच होता. नाकातल्या गारव्यात, ३३ ते ३५ अंश सेल्सिअसला, तो उत्तम वाढतो, म्हणून आमच्याकडे त्याला नाक-घशाच्या खाली उतरायची परवानगी नाही. ज्या मुलीच्या वाट्याला तो आला ती रुसून बसली होती. पण तिसऱ्या-चौथ्या खेळात तिच्या लक्षात आलं की आपण आधी नाकात दोन बटणं टाकली की बोंब होते आणि फ्लूला आत यायला वाटच राहत नाही. हे कागदावरचं नाही. येल विद्यापीठात प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशींना आधी सर्दीची लागण केली, तीन दिवसांनी फ्लू सोडला, तर फ्लूची वाढ जवळजवळ खुंटली. २०२० साली ते छापून आलं. मी तिला हे सांगितल्यावर तिने सर्दी सोडली नाही, पुढचे पंधरा दिवस दुसऱ्या कोणाला हातही लावू दिला नाही.

सर्वांत धाकटा, सात वर्षांचा, थोरल्या भावाला चिकटून खेळणारा. त्याला हिपॅटायटिस डी दिला, काविळीच्या विषाणूंपैकी एक. मारिओ रिझेत्तो यांना इटलीत १९७७ च्या सुमारास सापडलेला हा विषाणू इतका अपुरा आहे की त्याच्याकडे स्वतःचं बाहेरचं आवरण बनवायची सोयच नाही. तो हिपॅटायटिस बी चा कोट घालूनच बाहेर पडतो. यकृतात बी नसेल तर डी चं काही चालत नाही, म्हणूनच बी ची लस घेतली की डी पासूनही बचाव होतो. थोरला भाऊ बी. तो जिथे बटण ठेवेल तिथे मागोमाग धाकट्याचं बटण, आणि बी बाहेर पडला की दोघांनाही गुण. थोरला वैतागून म्हणाला, "ह्याला घरी पण मीच सांभाळायचं आणि लिव्हरमध्ये पण मीच!"

कांजिण्यांचा नियमही पोरांना फार आवडला. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि म्हातारपणी किंवा प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर नागीण होऊन उगवतो. म्हणून कांजिण्यावाल्याने एक बटण पटाच्या खाली सरकवून ठेवायचं. ते कुठे आहे हे बाकीचे विसरतात. तो विसरत नाही.

डेंगीला फक्त डासाचं दार. लेप्टोला आम्ही घेतलंच नाही, कारण तो विषाणू नाही, जिवाणू आहे. त्यावर एक पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता. पावसात तुंबलेल्या पाण्यातून चालले म्हणून त्याच्या काकांना तो झाला होता, त्यामुळे त्याला तो घरचाच वाटे.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग, आतड्याचा. पोलिओचा डोस आपण सगळ्यांनी घेतलाय. आमच्या पलीकडे परळला हाफकिन या लस बनवणाऱ्या संस्थेत तो तयार व्हायचा. त्या थेंबांत पोलिओच्या तिन्ही प्रकारांचे जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असायचे, आणि बाळाच्या आतड्यात ते रुजले तरच लस लागली म्हणायची. पण तिघे एकदम गेले की एकमेकांच्या आड यायचे, आणि त्यात टाइप २ सगळ्यांत दांडगा. त्यातून बाळाच्या आतड्यात आधीच दुसरे विषाणू ठाण मांडून असले किंवा जुलाब चालू असले तर टाइप १ आणि ३ ला जागा मिळणं आणखी कठीण. उत्तर प्रदेश-बिहारमध्ये बरेच डोस घेतलेल्या मुलांनाही पोलिओ झाला, त्याचं हे एक मोठं कारण. आणि बाहेर मोकाट फिरणारा खरा टाइप २ तर १९९९ नंतर जगात कुठे दिसलाच नव्हता. शेवटचा सापडला तो अलिगढला. म्हणजे लसीतला टाइप २ रिकाम्या खुर्चीसाठी रुमाल टाकून बसलेला. मग २००५ साली एकट्या टाइप १ ची लस आली, २०१० साली १ आणि ३ ची. जानेवारी २०११ मध्ये हावड्याला मोकाट पोलिओची देशातली शेवटची केस झाली आणि २७ मार्च २०१४ ला आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

पोरांना हे भाषण म्हणून सांगितलं असतं तर उठून गेली असती. म्हणून आतड्यात पाचच घरं ठेवली आणि पोलिओवाल्याला तीन छटांची बटणं दिली: तिन्ही एकदम टाकायची की एकेक, तुझं तू ठरव. पहिल्या दिवशी त्याने तिन्ही ओतली आणि गडद छटेने सगळी घरं खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्याने गडद बटणं खिशातच ठेवली.

तर घरी बनवाच. पहिल्यांदा चार विषाणू पुरेत: सर्दी, फ्लू, कांजिण्या, बी. डी नंतर आणा, आणि भावंडं असतील तर कोणाला बी द्यायचा ते जपून ठरवा. फेरीच्या शेवटी एक पत्ता उघडायचा. तो प्रतिकारशक्तीचा निघाला की पटावर ज्याची बटणं जास्त त्याची निम्मी उचलायची. असे पत्ते गड्डीत एक तृतीयांश तरी हवेत, नाहीतर पुढे असलेला पुढेच राहतो. डाव पाऊण तासात संपतो. फ्लेक्स घडी घालू नका, गुंडाळून ठेवा. आमच्या उलट्या काकांच्या पोटावरून घडी गेली आहे आणि आतड्यातलं एक बटण दरवेळी त्या खाचेतून यकृतात घसरतं. त्यावरही आता एक नियम झाला आहे.